उठायचं नाही

१४ जानेवारी, बिश्केक

हिशेबाची वही मागच्या बाजूनं उघडली आहे. पुढून बजेट, मागून हे. कोणी वही उघडलीच तर आकडे बघून मिटेल, एवढा माझा सासरच्या माणसांवर विश्वास आहे.

आज बजेट पूर्ण झालं. अकरा लाख चाळीस हजार सोम. एकच घर, आठ दिवसांचं शूटिंग, पाच माणसं. याहून स्वस्त करायचं तर फोटो काढून भिंतीला लावावेत. चित्रपट-निधीकडून चार लाख मंजूर झालेत. माझे स्वतःचे एक लाख ऐंशी हजार, नऊ वर्षं दुसऱ्यांच्या लग्नांचे व्हिडिओ कापून-जोडून साठवलेले. तूट पाच लाख साठ हजार. हा आकडा मी लाल शाईनं लिहिला आणि मग पान उलटलं.

गोष्ट दोन ओळींत सांगता येते. गावातली एक सून. सासरे घरात आले की ती उठते, त्यांची टोपी घेते, हातावर पाणी घालते, चहा ओतते. एका दुपारी सासरे येतात आणि ती उठत नाही. पटकथा अठ्ठ्याऐंशी पानांची आहे, पण सगळी त्या एका मिनिटासाठी. निधीच्या समितीतल्या चष्मेवाल्या बाईंनी विचारलं, "मग पुढे काय होतं?" मी म्हटलं, "पुढे सिनेमा संपतो." त्या हसल्या आणि सही केली.

तेमिरला, म्हणजे नवऱ्याला, सगळं वाचून दाखवलं. म्हणाला, "मस्त आहे. फक्त आमच्याकडं एवढ्यात सांगू नकोस."

१७ जानेवारी

शहराबाहेरचं एक घर पाहिलं. दहा दिवसांचे कोळशासकट एक लाख साठ हजार. मालकीण वर म्हणते, भिंतीला खिळा ठोकायचा नाही.

जेवताना तेमिर म्हणाला, "आमचं घर आहे की कोचकोरला. फुकट."

मला हो म्हणायला वेळ लागला. ही पटकथा मी त्याच घरात लिहिली आहे, मनातल्या मनात, समोवारजवळ बसून चहा ओतता ओतता. हे त्याला कळलं असेल का? कळलं असेल तर त्यानं तोंडावर दाखवलं नाही. पण एक लाख साठ हजार म्हणजे काही थोडेथोडके नाहीत. मी लाल आकडा खोडून चार लाख केला. फार बरं वाटलं.

२ फेब्रुवारी, कोचकोरजवळ, सासरी

इथं येऊन चार दिवस झाले. घर कॅमेऱ्यासाठी उत्तम आहे. एक मोठी खोली, दोन खिडक्या, दाराच्या बरोबर समोर तोर, म्हणजे मानाची जागा. तिथं सासरे बसतात. सून दाराशी, समोवारजवळ. एका सरळ रेषेत दोघं. दिग्दर्शकाला आणखी काय हवं?

म्हाताऱ्याच्या भूमिकेसाठी नारीनच्या रंगभूमीवरचा एक जुना नट ठरवत आणला होता. एक लाख वीस हजार, वेगळी खोली, रोज ताजं मटण. मटणावरून घासाघीस चालू होती.

तेवढ्यात मोठे दीर शहरातून आले. त्यांचं टायरचं दुकान आहे. आमच्यात सुनेनं सासऱ्यांचं आणि मोठ्या दिरांचं नाव घ्यायचं नसतं. मी शहरात शिकलेली, मला असल्या गोष्टींचं काही नाही, पण इथं वहीतही त्यांचं नाव लिहायला हात धजत नाही हेही खरं. तर मोठे दीर संत्र्यांची पिशवी घेऊन आले, बसले, आणि विचारलं, "म्हातारा कोण करतोय?"

"नारीनचे एक नट आहेत, भाऊजी."

"आणि बसणार कुठं?"

"तोरवर. गोष्टच तशी आहे ना."

"म्हणजे वडिलांच्या जागेवर. वडील हयात असताना." त्यांनी संत्र्याची साल एका लांब पट्टीत सोलली. "शेजारचे खिडकीतून बघणार, आमच्या तोरवर भलताच म्हातारा बसलाय. संध्याकाळपर्यंत वडील गेले समजून अर्धं गाव गळा काढत दारात येईल. त्यांना मटण तू खायला घालशील?"

तेमिर खाली बघून भाकरीचे तुकडे करत होता. सासरे चहा पीत होते, जणू दुसऱ्या कोणाबद्दल चाललंय. प्याला संपल्यावर त्यांनी मला विचारलं, "शूटिंगला आपला घोडा कुठल्या दिवशी लागेल तुला, पोरी?" आणि उठून आपली पांढरी टोपी ब्रशनं साफ करायला लागले.

झालं. कोणी काही ठरवलं नाही, पण ठरलं. नारीनच्या नटाला फोन करताना माझ्या जिवावर आलं होतं, तर तोच म्हणाला, "सासरेबुवा का? मला वाटलंच." तूट दोन लाख ऐंशी हजार.

इथं थांबते, सासरे आलेत वाटतं.

१० फेब्रुवारी

आज सुनेच्या भूमिकेसाठी तिघींना बोलावलं. शहरातल्या स्टुडिओत नाही, इथंच, याच खोलीत. बेक्तूर त्यांना आपल्या गाडीतून घेऊन आला. बेक्तूर माझा कॅमेरामन, कॉलेजपासूनचा. सासरे मेंढ्यांकडे गेले होते, म्हणून टोपी घालून सासरा बनून आत यायचं कामही त्यालाच दिलं.

पहिली बसून राहिली आणि रडायला लागली. कशाला रडतेस बाई, म्हटलं, तर म्हणाली आतून आलं. दुसरी उठली. तिला पुन्हा समजावलं, ती पुन्हा उठली, मग स्वतःच हसत सुटली. मी वर तिला ऐकवलं, "एवढं काय अवघड आहे? पाय हलवायचा नाही, बस." तिसरी कानिशाय. बेक्तूर आत आला, तिनं मान वर केली, त्याच्याकडे पाहिलं आणि प्याला ओठाला लावला. बेक्तूर टोपी हातात धरून खरंच गोंधळला.

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हाताला कणीक. बोरसोक तळायचे सोडून तासभर बघत होत्या. म्हणाल्या, "ही बसली. ती पहिली नुसती उठली नाही, एवढंच."

वाक्य इतकं नेमकं होतं की संध्याकाळी मी ते माझं म्हणून बेक्तूरला ऐकवलं.

पोरी गेल्यावर सासूबाई भांडी विसळता विसळता विचारतात, "ती का उठत नाही गं?"

मी सांगितलं, "आई, तो तिचा नकार आहे. इतक्या वर्षांच्या रीतीला."

"हं." दोन प्याले विसळून झाले. "आणि त्याच दिवशी का? आदल्या दिवशी का नाही?"

"ते मुद्दाम सांगितलेलं नाही."

"रोज ठरवत असेल ती. आज नको, उद्या. मग पाहुणे येतात, मग कोणी आजारी पडतं."

मला राग आला. समितीनं एक चूक काढली नाही आणि या पटकथेत भोकं शोधतायत. मी नुसतं हो ला हो केलं आणि टॉर्च घेऊन कोळसा आणायला गेले.

१८ फेब्रुवारी

कानिशाय गेली.

मोठे दीर पुन्हा आले होते. सासरे तेव्हा मेंढ्यांकडे गेले होते. त्यांना कोणीतरी, म्हणजे तेमिरनं, शेवट सांगितला. मला वाटलं आता भूकंप होणार. पण ते शांतपणे म्हणाले, "सिनेमा आहे. सिनेमात काय वाटेल ते होतं. मला कळतं."

"मग झालं तर, भाऊजी."

"पण वडील सिनेमातले नाहीत ना, वडील खरे आहेत. कुठली कोण परकी पोरगी त्यांच्याच घरात, त्यांच्याच समोर बसून राहणार? टोपी त्यांच्या हातात तशीच? ते त्यांनी का सोसावं? आपल्या घरातली सून असती तर गोष्ट वेगळी. घरातलं घरात राहतं. गंमत म्हणून सोडून देता येतं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी समोवारात पाणी घालत होते.

तेमिर म्हणाला, "खरं सांगू का, सैकाल? त्या सुनेला तुझ्याइतकं कोण ओळखतं?" हे तो कौतुकानं म्हणाला. तेच तर वाईट आहे, तो कधीच वाईट हेतूनं काही म्हणत नाही. बरं, नाही म्हणायचं तर कुठल्या तोंडानं? घर त्यांचं, म्हातारा त्यांचा, घोडा त्यांचा. आणि मोठ्या दिरांनी खिशातून पाकीट काढून गालिच्यावर ठेवलं. एक लाख वीस हजार, रोख. "उरलेलं तू बघ," म्हणाले.

कानिशायला मी स्वतः फोन केला. ती चिडली नाही. एवढंच विचारलं, "मग दिग्दर्शन कोण करणार?"

"मीच."

"कॅमेऱ्यासमोर बसून?"

मी हसले आणि काहीबाही बोलून वेळ मारून नेली. तिचे नव्वद हजार आणि पाकिटातले एक लाख वीस. तूट फक्त सत्तर हजार. एवढ्यानं आनंद व्हायला हवा होता.

२७ फेब्रुवारी

तूट शून्य.

उरलेले सत्तर हजार म्हणजे आचारी, त्याचा किराणा आणि ध्वनीवाल्याचा मदतनीस. सासूबाईंनी बटाटे, कांदे आणि दोन मेंढ्या दिल्या आणि आचाऱ्याचं नाव मी खोडलं. नऊ माणसांचा स्वयंपाक आम्ही दोघी करू. नाही तरी पाहुणे आल्यावर आम्हीच करतो. ध्वनीवाल्याच्या मदतनीसाऐवजी तेमिर रजा काढून माइकची काठी धरणार आहे.

बेक्तूरला वही दाखवली. अकरा लाख चाळीस हजारांचा सिनेमा, आणि एक सोम कमी नाही. त्यानं पान वरपासून खालपर्यंत वाचलं. मग म्हणाला, "सैकाल, जिथं जिथं तू पैसे वाचवलेस, तिथं तिथं तुझं नाही तर तुझ्या सासरचं नाव आलंय. दिग्दर्शकासमोर मात्र रकमेच्या जागी रेघ आहे."

"मी पैसे घेत नाहीये म्हणून."

"तेच म्हणतोय," तो म्हणाला. काय म्हणत होता कोण जाणे. त्याला कोड्यात बोलायची सवय आहे.

६ मार्च

पहिला दिवस. पहाटे पाचला उठून कणीक मळली, शेगडी पेटवली, नऊ जणांना चहा-नाश्ता दिला, मग सुनेचा रुमाल बांधून समोवारजवळ बसले. माझ्यासाठी आणलेली घडीची खुर्ची कॅमेऱ्याला जोडलेल्या छोट्या पडद्यासमोर रिकामी होती, त्यावर मोठे दीर बसले. कोणीतरी बसायला हवंच होतं, मी चौकटीत असताना शॉट कोण बघणार? "सुरू" तेच म्हणाले. छान खणखणीत म्हणतात. "थांबा" मात्र उशिरा म्हणतात, त्यांना पुढचं बघायचं असतं.

दोन शॉटच्या मध्ये मी धावत जाऊन पडद्यावर बघायची. ते खुर्ची देऊ करत नाहीत आणि मी मागत नाही. त्यांच्या खांद्यावरून वाकून बघते. दुपारी ते म्हणाले, "चहा मिळेल का?" आणि तोवर त्यांनी पुढचा शॉट बेक्तूरला सांगून टाकला होता. वाईट नव्हता. पण माझा नव्हता.

८ मार्च

महिला दिन. मोठ्या दिरांनी सगळ्या बायकांना ट्यूलिपची फुलं दिली आणि सासूबाईंना विजेची किटली. सासऱ्यांनी कौतुकाचं भाषण केलं, स्त्री म्हणजे घराचा खांब वगैरे. आम्ही दोघी तेव्हा कुर्दाकसाठी मटण चिरत होतो, दार उघडं ठेवून ऐकलं.

९ मार्च

आज तो सीन. काय झालं ते जसंच्या तसं लिहिते, नाही तर उद्या मी स्वतःशीच खोटं बोलेन.

सासऱ्यांना शेवट कोणीच सांगितलेला नव्हता. मी सांगायला हवा होता. तीन आठवडे टाळला. सून सासऱ्यांना काय सांगणार, की तुम्ही याल आणि मी उठणार नाही? तेमिर म्हणाला दादा सांगेल. दादा म्हणाले, सांगण्यासारखं काय आहे त्यात. तर त्यांना एवढंच माहीत होतं की आत यायचं आणि टोपी काढायची.

"सुरू," मोठे दीर म्हणाले. दार उघडलं. मी उठले.

मला वाटलं लक्ष नव्हतं. हसण्यावारी नेलं. पुन्हा. दार उघडलं, थंड हवेचा झोत आला, त्यांचे बूट दिसले आणि मी उभी. तिसऱ्या वेळी मी गालिचा दोन्ही हातांनी धरून ठेवला. गालिचा हातात घेऊन उठले. चौथ्या वेळी बेक्तूर कुजबुजला, "पाय दुमडून त्यावर बस." पायांना मुंग्या आल्या होत्या, तरी उठले, आणि पडता पडता त्यांनीच मला धरलं. त्या बिचाऱ्या दुसऱ्या पोरीला मी किती अक्कल शिकवली होती.

आणि सासऱ्यांना वाटत होतं चूक त्यांची आहे. दर वेळी ते बाहेर जाऊन काहीतरी सुधारून येत. कधी टोपी सरळ करून, कधी घसा खाकरून. सहाव्यांदा बुटांवरचा चिखल पुसून आले. सातव्यांदा आत येताना "सलाम" म्हणाले. आठव्यांदा दारात थांबून विचारलं, "पोरी, मी फार भरभर येतोय का?"

"नाही, बाबा. तुमचं बरोबर आहे."

"मग पुन्हा का?"

बेक्तूरनं त्यांना पुन्हा बाहेर जायची खूण केली. नवव्यांदा मी डोळे मिटून बसले, कान बंद करता आले असते तर तेही केले असते. दाराची कडी वाजली. डोळे उघडले तेव्हा त्यांची टोपी माझ्या हातात होती.

मोठे दीर म्हणाले, "थांबा," आणि या वेळी वेळेवर.

मला शरम वाटते आहे. मी सोळा वर्षं शहरात राहते. मला वाटायचं हे सगळं मी वरवर करते, आतली मी वेगळीच आहे. आत कोणीही नाही. आतही सूनच आहे.

१० मार्च

मोठ्या दिरांनी सकाळी मला बाजूला घेतलं. खरंच मायेनं बोलले. "उठू दे तिला. मी पडद्यावर बघितलंय ना, नऊच्या नऊ वेळा. फार सुंदर उठतेस तू. टोपी घेतेस, हसतेस. बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येईल. तोच शेवट ठेव. लोक कुटुंबाला घेऊन येतील बघायला."

तेमिर म्हणाला, "तुला पटत असेल तर बघ."

बेक्तूर लेन्स पुसत बसला.

११ मार्च

नवा शेवट शूट झाला. सासरे येतात, सून उठते, टोपी घेते, चहा ओतते, हसते. पहिल्याच टेकला जमला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सासऱ्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला, त्यांना वाटलं अखेर त्यांचं बरोबर आलं.

दुपारी मोठे दीर, तेमिर आणि बेक्तूर सोडून बाकीची मंडळी शहरात गेली. तेमिरची रजा संपली. गाडीत बसताना म्हणाला, "सुटलीस एकदाची." मी हात हलवला. गाडी वळणावर दिसेनाशी झाली आणि मी फाटकाला धरून रडले, मोठ्यानं. सिनेमा मी केला आणि त्यातून मला काढून टाकलं. काढणारं कोणी दाखवता येत नाही. प्रत्येकानं मदतच केली.

१३ मार्च

आजचं आजच लिहून टाकते.

कॅमेरा बारा वाजता इथून निघायचा होता. भाड्याची मुदत आजची. काल बेक्तूरनं घोडा, मेंढ्या, धुरांडं, असे रिकामे शॉट घेतले आणि आज सकाळी पेट्या भरायला काढल्या. मी बटाटे सोलत होते. सासूबाई आत आल्या. डोक्यावर नवा पांढरा रुमाल.

"ते मशीन किती वाजता जाणार?"

"बाराला, आई."

"मग दोन तास आहेत की." त्यांनी माझ्या हातातली सुरी काढून घेतली. "ऊठ. तू तिकडं उभी राहा, मशीनमागं. तुझी जागा ती आहे ना?"

मला काही कळेना. त्या समोवारजवळ जाऊन बसल्या, माझ्या म्हणजे सुनेच्या जागेवर. रुमाल सारखा केला, स्वतःला अर्धा प्याला चहा ओतून घेतला. म्हणाल्या, "ते घोड्याला पाणी पाजायला गेलेत. येतील आत्ता."

"आई, पण गोष्ट सुनेची आहे."

"मीही सूनच आहे. पंचेचाळीस वर्षं झाली."

मी म्हटलं, "तुम्हाला जमेल? मला नऊ वेळा नाही जमलं."

"तू पहिल्याच दिवशी करायला गेलीस," त्या म्हणाल्या. "माझी तयारी फार जुनी आहे."

भांडी विसळताना त्या कोणाबद्दल बोलत होत्या ते मला तेव्हा कळलं. मी मूर्ख, मला वाटलं पटकथेबद्दल.

बेक्तूरनं पेटी पुन्हा उघडली. माइक साखरेच्या भांड्यामागे लपवला. मी पडद्यासमोर गेले. चौकटीत दार, रिकामा तोर, कडेला त्या. बेक्तूरनं माझ्याकडे पाहिलं. कोणाला तरी म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "सुरू." आवाज फाटला, पण माझा होता.

अंगणात पावलं वाजली. सासूबाईंच्या गुडघ्यावर ठेवलेला हात एकदा घट्ट झाला, मला पडद्यावर स्पष्ट दिसलं. दार उघडलं. सासरे आत आले, आठ दिवसांत कॅमेऱ्याची त्यांना सवय झालीय, त्याच्याकडे बघितलंही नाही. टोपी काढली आणि नेहमीसारखी पुढे केली.

कोणी घेतली नाही.

त्यांचा हात तसाच राहिला. त्यांना वाटलं दिसलं नसेल, म्हणून टोपी थोडी हलवली. सासूबाई त्यांच्याकडे बघत होत्या. उद्धटपणा नाही, राग नाही. प्याला ओठाला लावला, एक घोट घेतला. मी माझा हात दातात धरला होता.

त्यांनी टोपीकडे पाहिलं. भिंतीकडे पाहिलं. मग खिडकीत ठेवली. बाही वर करून घंगाळापाशी गेले, पाणी कोणी घालेना म्हणून तांब्या स्वतः उचलला, एका हातानं दुसऱ्या हातावर ओतलं, निम्मं बाहेर सांडलं. ओले हात पुढे धरून ते खोलीच्या मध्यावर उभे राहिले आणि इकडे तिकडे बघायला लागले.

"टॉवेल कुठं असतो?"

"दाराच्या मागं," सासूबाई म्हणाल्या.

"केव्हापासून?"

"मी आले तेव्हापासून."

त्यांनी दार ओढलं. टॉवेल तिथं होता. ते बराच वेळ हात पुसत राहिले, एकेक बोट. तोरकडे निघाले, अर्ध्या वाटेत थांबले, वळले आणि सासूबाईंच्या जवळ येऊन खाली बसले, दाराशी, सुनेच्या बाजूला. त्या बाजूला मी त्यांना कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. अगदी हळू, आम्हाला ऐकू जाऊ नये असं, त्यांनी विचारलं, "पाय दुखतायत का तुझे?"

"नाही," त्या म्हणाल्या. "बसलेय."

ते मान हलवत राहिले. मी "थांबा" म्हटलं नाही.